बंदोबस्त आणि स्वास्थ्य : बोर्नो राज्यातील सुरक्षिततेची परिभाषा

१

आपल्या विद्यापीठांतील तौलनिक साहित्याच्या अभ्यासक्रमांत आफ्रिकी कादंबरी आता बऱ्यापैकी स्थिरावली आहे. तथापि नायजेरिया म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते ते मुख्यतः त्या देशाच्या दक्षिणेचे चित्र : अचेबे यांचे इग्बो गाव, शोयिंका यांचे योरुबा विश्व. उत्तरेकडील प्रदेशाचे जे काही आपल्यापर्यंत पोहोचते ते बहुधा एखाद्या अनर्थाच्या निमित्ताने. एप्रिल २०१४ मध्ये बोर्नो राज्यातील चिबोक येथील शाळेतून २७६ मुलींना पळवून नेण्यात आले, आणि त्यानंतर ह्या प्रदेशावर इंग्रजीत पुस्तके येऊ लागली. हेलोन हबिला यांचे 'द चिबोक गर्ल्स' २०१६ साली, तर एडना ओब्रायन यांची 'गर्ल' ही कादंबरी २०१९ साली प्रसिद्ध झाली. ही पुस्तके शिकविणाऱ्या अथवा मराठीत आणू पाहणाऱ्या अभ्यासकापुढे एक साधीच वाटणारी अडचण उभी राहते. इंग्रजी लेखनात पदोपदी येणाऱ्या 'सिक्युरिटी' ह्या शब्दाला आपण 'सुरक्षा' हा प्रतिशब्द ठेवतो आणि पुढे जातो. परंतु ज्यांच्या जीविताचा प्रश्न आहे ती माणसे इंग्रजी बोलत नाहीत. ती कानुरी बोलतात, हौसा बोलतात, चिबोकसारख्या ठिकाणी किबाकू बोलतात. त्यांच्या बोलण्यात ह्या गोष्टीला कोणते शब्द आहेत, आणि ते शब्द काय सांगतात व काय झाकतात, हे पाहिल्यावाचून त्या राज्यातील सार्वजनिक सुरक्षिततेची स्थिती नीट कळत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कानुरी ही बोर्नोची प्रमुख भाषा खरी. पण बाजारात, छावणीत आणि रस्त्यावरच्या नाक्यावर व्यवहार चालतो तो पुष्कळदा हौसात. म्हणून येथील विवेचन हौसापुरते मर्यादित ठेवले आहे.

हौसात सुरक्षेसाठी रूढ शब्द आहे 'त्सरो'. ज्या क्रियापदापासून तो आला त्या 'त्सरे'चा अर्थ राखणे, पहारा देणे असा आहे. पण त्याच क्रियापदाने एखाद्यास अडवून ठेवणे, कोठडीत ठेवणे हाही अर्थ व्यक्त होतो. ज्याचे रक्षण केले तोही 'त्सरे'लेला आणि ज्याला डांबले तोही. मराठी वाचकास ह्यात नवल वाटण्याचे कारण नाही. आपला 'बंदोबस्त' हा फारसीतून आलेला शब्द मुळात बांधण्याचाच आहे. जत्रेला पोलिसांचा बंदोबस्त असतो तो आपल्यासाठी, आणि 'त्याचा बंदोबस्त करा' असे म्हटले की तो कोणाच्या तरी विरुद्ध असतो.

परंतु हौसा माणसाला जे हवे असते ते 'त्सरो' नव्हे. त्याला हवे असते 'झमन लाफिया' आणि 'क्वंचियर हंकली'. 'लाफिया'च्या मुळाशी अरबी 'आफिया' म्हणजे आरोग्य आहे. 'झमन लाफिया' म्हणजे निरोगीपणे नांदणे. 'क्वंचियर हंकली'चा शब्दशः अर्थ चित्त आडवे होणे. 'हंकली' हा शब्द अरबी 'अक्ल'वरून आला असून आपली 'अक्कल' त्याचीच सख्खी बहीण होय. मात्र 'अक्कल निजली' असे भाषांतर केल्यास अर्थाचा अनर्थ होईल. मराठीत ह्या दोन्ही शब्दप्रयोगांना जवळचा शब्द शोधू गेल्यास 'स्वास्थ्य' हाच सापडतो. तोही प्रकृतीचा आणि मनाचा, दोहोंचा. बोर्नोची गेल्या दीड दशकाची कहाणी ही बंदोबस्त वाढत जाण्याची आणि स्वास्थ्य मात्र त्या प्रमाणात न वाढण्याची कहाणी आहे.

२

बोर्नो राज्य नायजेरियाच्या ईशान्य कोपऱ्यात आहे. १९७६ साली ते निर्माण झाले आणि १९९१ साली त्यातून योबे राज्य वेगळे काढण्यात आले. नायजर, चाड आणि कॅमेरून अशा तीन देशांच्या सीमा त्याला लागतात. मैदुगुरी ही राजधानी. कानेम-बोर्नोच्या प्राचीन साम्राज्याची स्मृती येथे पुसलेली नाही. 'शेहू' ही तेथील पारंपरिक अधिपतीची पदवी आजही चालते.

ज्या संघटनेमुळे राज्याचे नाव जगभर झाले तिचे 'बोको हराम' हे नाव तिने स्वतः घेतलेले नाही. ते शेजाऱ्यापाजाऱ्यांनी दिलेले टोपणनाव होय. तिचे स्वतःचे नाव लांबलचक अरबी आहे आणि त्यातील 'जमात', 'सुन्नत', 'दावत' हे शब्द आपणांस अपरिचित नाहीत. फक्त तेथे 'दावत' म्हणजे धर्माचे आवाहन, आपल्याकडील मेजवानी नव्हे. टोपणनावातील 'हराम' कोणाही मराठी माणसास समजतो. प्रश्न आहे तो 'बोको'चा. हा शब्द इंग्रजी 'बुक'चा अपभ्रंश आहे असे वृत्तपत्रांनी इतक्या वेळा छापले की ते सर्वमान्य झाले. पॉल न्यूमन ह्या हौसाच्या व्यासंगी भाषाशास्त्रज्ञाने २०१३ साली ही व्युत्पत्ती साधार खोडून काढली. १९३४ च्या बार्जरीकृत कोशात 'बोको'चे जे अर्थ दिले आहेत ते सारे बतावणी, दिखाऊपणा, फसवणूक यांभोवती फिरतात. वसाहतीच्या सरकारने जे शिक्षण आणले त्याला लोकांनी 'इलिमिन बोको' म्हटले ते ह्याच अर्थाने : खरी विद्या ती मदरशातील, ही नुसती तिची नक्कल. कालांतराने शब्दातील हेटाळणी झिजली, आणि अरबी लिपीतील 'अजमी' लेखनापासून वेगळी ओळखता यावी म्हणून रोमन लिपीतील हौसालाही 'बोको' म्हणू लागले. म्हणजे झोंबणारा शब्द रुळून निरुपद्रवी झाला होता. मोहम्मद युसुफच्या प्रवचनांनी त्यातील जुना डंख पुन्हा जागा केला.

ही व्युत्पत्ती केवळ कोशकारांच्या कुतूहलाची बाब नाही. 'पुस्तकांचा द्वेष करणारे लोक' अशी प्रतिमा एकदा ठरली की संघर्षाचे कारण अज्ञानात शोधले जाते. 'बतावणीचा तिटकारा' असा अर्थ घेतला तर प्रश्न वेगळा होतो : कोणत्या बतावणीचा? शाळा शिकून नोकरी न मिळालेले तरुण, तेलाच्या पैशावर गबर झालेले अधिकारी, आणि कायद्याच्या नावाखाली नाक्यावर हात पसरणारा पोलीस, हे सारे त्या शब्दाच्या टप्प्यात येत होते. म्हणून त्या संघटनेने नंतर जे केले त्याचे समर्थन होत नाही. परंतु तिला श्रोते का मिळाले हे कळते.

२००९ सालचा स्फोट ज्या ठिणगीने झाला ती तर सार्वजनिक सुरक्षिततेच्या एका नियमाचीच होती. मोटारसायकलस्वारांनी शिरस्त्राण घातलेच पाहिजे, असा तो नियम. त्या वर्षीच्या जून महिन्यात मैदुगुरीत युसुफच्या अनुयायांची एक अंत्ययात्रा चालली होती. शिरस्त्राणे नसल्यावरून सुरक्षा पथकाशी बाचाबाची झाली, गोळीबार झाला आणि १७ जण जखमी झाले. जुलैअखेर उठाव झाला. शेकडो माणसे मेली. ३० जुलै रोजी लष्कराने युसुफला जिवंत पकडून पोलिसांच्या हवाली केले आणि पोलिसांच्या ताब्यात असतानाच तो मारला गेला. 'त्सरे' ह्या क्रियापदाचे दोन्ही अर्थ त्या दिवशी एकाच ठिकाणी फसले. खटला झाला नाही, जबान्या झाल्या नाहीत. आणि अबुबकर शेकाऊच्या नेतृत्वाखाली संघटना परतली ती अधिक क्रूर होऊन.

३

ह्या ठिकाणी नायजेरियाच्या घटनेतील एक गोष्ट भारतीय वाचकाने ध्यानात घ्यावयास हवी. तेथील गव्हर्नर हा आपल्या राज्यपालासारखा नियुक्त नसतो, तो मुख्यमंत्र्यासारखा लोकांनी निवडलेला असतो. मात्र आपल्याकडे पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे राज्यांचे विषय आहेत, तसे तेथे नव्हते. १९९९ च्या राज्यघटनेने सबंध देशास एकच पोलीसदल दिले आणि दुसरे दल स्थापण्यास मनाई केली. गव्हर्नरला 'राज्याचा मुख्य सुरक्षा अधिकारी' असे गौरवाने म्हणण्याची पद्धत पडली. पण त्याने दिलेला आदेश राष्ट्राध्यक्षांकडे विचारणेसाठी पाठविण्याची मुभा पोलीस आयुक्तास होती. जबाबदारी एकाकडे, हुकमत दुसऱ्याकडे. फेब्रुवारी २०१४ मध्ये तेव्हाचे गव्हर्नर काशिम शेट्टिमा यांनी बंडखोर हे सैनिकांपेक्षा अधिक सुसज्ज आणि अधिक जिद्दीचे आहेत असे जाहीरपणे सांगितले, तेव्हा राजधानीतील मंडळींना ते रुचले नाही. दोन महिन्यांनी चिबोक घडले.

बंदोबस्त त्याआधीच सुरू झाला होता. जुलै २०११ मध्ये मैदुगुरीत मोटारसायकलींवर बंदी आली, कारण मारेकरी त्यांवरून येत. मे २०१३ मध्ये आणीबाणी पुकारली गेली आणि काही महिने दूरध्वनीही बंद राहिले. ह्या उपायांनी बंडखोर शहराबाहेर गेले खरे; पण शहर मोकळे करण्याचे अधिक श्रेय द्यावे लागते ते दुसऱ्याच कोणाला तरी. २०१३ च्या मध्यास मैदुगुरीतील काही मोहल्ल्यांतले तरुण काठ्या घेऊन पुढे आले. लोक त्यांना 'यान गोरा' म्हणजे काठीवाले म्हणू लागले. 'काटो दा गोरा', दांडकेधारी आडदांड, हे आणखी एक नाव. सरकारी कागदांत त्यांचे नागरी संयुक्त कृतिदल झाले. सैनिक देशाच्या अन्य भागांतून आलेले. त्यांना कानुरी येत नव्हती आणि कोण साधा तरुण व कोण बंडखोर हे ओळखता येत नव्हते. त्यामुळे संशयावरून घाऊक धरपकड होई. काठीवाल्यांना मात्र गल्लीतला प्रत्येक चेहरा ठाऊक होता. सैन्याला जे रणगाड्याने जमले नाही ते ह्या ओळखीने जमले.

ह्या यशाची किंमत किती पडली याची चर्चा मात्र फारशी होत नाही. बंडखोरांनी काठीवाल्यांच्या गावांवर सूड उगवला. ज्याची ओळख पटवावयाची त्याच्याशी ओळख पटवणाऱ्याचे जुने वैर असले तर काय, ह्या प्रश्नाला उत्तर नव्हते. १४ मार्च २०१४ रोजी मैदुगुरीतील गिवा बराकीवर हल्ला करून बंडखोरांनी कैदी सोडविले. त्यांतील पुष्कळांना लोकांनी पुन्हा पकडून दिले आणि सैनिकांनी ठार केले. ॲम्नेस्टीने मृतांची संख्या ६०० हून अधिक सांगितली आहे. काठीवाल्यांत अल्पवयीन मुलेही होती. युनिसेफच्या पुढाकाराने सप्टेंबर २०१७ मध्ये करार झाला आणि मे २०१९ मध्ये ८९४ मुलांना दलातून मोकळे करण्यात आले. तेव्हा गावाने स्वतःचे रक्षण स्वतः केले, ह्या वाक्यातील 'गाव' म्हणजे काही अंशी बारा-चौदा वर्षांची पोरे होती, हे विसरून चालणार नाही.

४

२०१५ नंतर लष्कराने शहरे परत घेतली. बामा, दिक्वा, मोंगुनो, न्गाला, ग्वोझा ही छावणी-शहरे झाली. आसपासच्या खेड्यांतील माणसे तेथे येऊन राहिली. काही आणली गेली. भोवती खंदक खणले गेले. मैदुगुरी विद्यापीठ १९७५ पासूनचे. जानेवारी २०१७ मध्ये त्याच्या आवारातील मशिदीत बाँबस्फोट होऊन एक प्राध्यापक मारले गेले, आणि पुढे त्या वर्षी विद्यापीठाभोवतीही राज्य सरकारने खंदक खणविला. ह्या सर्व काळात विद्यापीठाने आपले दरवाजे कायमचे लावून घेतले नाहीत, हे ज्या संघटनेच्या नावात 'बोको' आहे तिच्या संदर्भात नमूद करण्याजोगे आहे. २०१९ मध्ये लहान ठाणी उठवून सैन्य थोड्या, पण मोठ्या तळांत एकवटण्याचे धोरण आले. सैनिकांचे मृत्यू टाळण्याच्या दृष्टीने ते समजण्यासारखे होते. परंतु तळांच्या मधली भूमी त्यामुळे कोणाचीच राहिली नाही, किंवा खरे म्हणजे दुसऱ्याची झाली.

खंदकाची रेघ एकदा पडली की ती माणसांच्या बाबतीत काय करते याचे उदाहरण औनो येथील आहे. मैदुगुरीपासून जवळच, दमातुरूच्या रस्त्यावर, हे गाव लागते. सायंकाळी राजधानीची वेस बंद होत असे. ९ फेब्रुवारी २०२० रोजी उशीर झालेल्या प्रवाशांना वेशीबाहेर अडकून पडावे लागले. ते औनोत आपापल्या वाहनांतच झोपले. रात्री बंडखोर आले आणि त्यांनी वाहने पेटविली. किमान ३० माणसे मेली. गव्हर्नर बाबागाना झुलुम दुसऱ्या दिवशी तेथे गेले आणि रात्री तेथे सैन्य थांबत नाही अशी उघड तक्रार त्यांनी केली. वेस लावली होती ती शहराच्या रक्षणासाठी, आणि शहर रात्रभर सुरक्षित राहिले.

परंतु रस्त्यापेक्षाही ही रेघ जास्त जाचते ती शेतात. बोर्नोच्या ईशान्येस, चाड सरोवराकडील सपाटीवर, 'फिर्की' नावाची काळी चिकण जमीन आहे. आपल्या दख्खनच्या काळ्या जमिनीच्याच जातीची. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तीत 'मसाक्वा' नावाची ज्वारी होते. पाऊस सरता सरता तिची रोपे लावतात आणि पुढे ती जमिनीतील ओलीवर वाढते. सोलापूरकडच्या शाळूची ज्यांना ओळख आहे त्यांना ह्या शेतीचे वेळापत्रक वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. ज्वारीला हौसात 'दावा' म्हणतात. आणि गंमत अशी की रान, वैराण माळ, ह्या अर्थाचा हौसा शब्दही बोको लिपीत 'दावा' असाच लिहिला जातो. आपलेही 'रान' तसेच : वाघही रानात असतो आणि शेतकरीही सकाळी रानात जातो. शांततेच्या काळात असल्या श्लेषाची कोणी दखल घेत नाही. बोर्नोत मात्र त्याला भयंकर अर्थ आला. छावणी-शहरांलगत आणि मुख्य रस्त्यांच्या कडेने उंच वाढणारी पिके लावण्यास लष्कराने मनाई केली, कारण ज्वारीत माणूस लपतो. ज्वारी लावली तर रान होते, आणि रानात शत्रू असतो. म्हणून ज्वारी नको. खंदकापासून किती अंतरापर्यंत शेतात जावे, किती वाजता जावे आणि केव्हा परतावे हे ठरवून देण्यात आले. हे अंतर चालत जाण्याइतकेच. आणि त्याच्या आतील जमीन एवढ्या माणसांना पुरणारी नव्हती.

२८ नोव्हेंबर २०२० रोजी मैदुगुरीजवळच्या झाबरमारी परिसरात, कोशोबे येथील भातखाचरांत कापणी चालली होती. बऱ्याच काळ लांबलेल्या स्थानिक निवडणुकांचे मतदान त्याच दिवशी होते. बंडखोरांनी शेतात काम करणाऱ्यांना बांधले आणि त्यांचे गळे चिरले. दुसऱ्या दिवशी ४३ प्रेते पुरण्यात आली. मृतांचा आकडा याहून मोठा असल्याचे नंतर सांगण्यात आले. आदल्या दिवशी शेतकऱ्यांनी एका बंदूकधाऱ्यास पकडून सैन्याच्या स्वाधीन केले होते, त्याचा हा सूड असे तेथील लोकप्रतिनिधीचे म्हणणे होते. अंत्यविधीच्या वेळी गव्हर्नर झुलुम यांनी घरी बसावे तर उपासमार आणि शेतात जावे तर मरण, अशा शब्दांत आपल्या लोकांचा पेच मांडला. राष्ट्राध्यक्षांच्या प्रवक्त्यांनी मात्र वेगळा मुद्दा काढला : ह्या शेतकऱ्यांनी त्या ठिकाणी जाण्यासाठी लष्कराची परवानगी घेतली होती काय?

हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाने दोनदा वाचावा असा आहे. त्यावर देशभर संताप उसळला, आणि तो योग्यच होता. परंतु प्रवक्त्यांच्या तोंडून ते सहज निसटले असे समजणे चुकीचे ठरेल. बंदोबस्ताच्या परिभाषेचाच तो सरळ निष्कर्ष होता. सुरक्षितता हा राज्याने नागरिकास द्यावयाचा हक्क आहे असे मानले तर शेतातील मृत्यू हे राज्याचे अपयश. सुरक्षितता ही एक जागा आहे, तिला रेघ आहे, असे मानले की रेघ ओलांडणारा आपल्या जबाबदारीवर ओलांडतो. जानेवारी २०२५ मध्ये चाड सरोवराजवळच्या दुंबा येथे किमान ४० शेतकरी मारले गेले, तेव्हाही आखून दिलेल्या सुरक्षित क्षेत्रातच राहावे असा इशारा लोकांना पुन्हा देण्यात आला. ह्या वेळी तो देणारे झुलुम यांचेच सरकार होते. पेच ज्याने इतक्या सहानुभूतीने मांडला त्याच्या शासनालाही दुसरे शब्द सापडले नाहीत. याचा दोष त्यांच्या मनाला देण्यापेक्षा त्यांच्या हाती असलेल्या अधिकारांकडे बोट दाखविणे अधिक न्याय्य होईल.

आणि रेघेच्या आतही शाश्वती नव्हती. जानेवारी २०१७ मध्ये रान येथील विस्थापितांच्या छावणीवर (गावाचे नावच 'रान' आहे, हा केवळ ध्वनीचा योगायोग) नायजेरियाच्याच विमानाने चुकून बाँब टाकले आणि पन्नासाहून अधिक माणसे मेली. २०२१ पासून मैदुगुरीतील अधिकृत विस्थापित छावण्या सरकारने बंद करण्यास सुरुवात केली आणि लोकांना टप्प्याटप्प्याने आपापल्या भागांत पाठविले. त्यांतील काही खरोखर मार्गी लागले. परंतु बामाजवळच्या दारुल जमाल ह्या नव्याने वसविलेल्या गावावर सप्टेंबर २०२५ मध्ये हल्ला होऊन साठाहून अधिक माणसे मारली गेली. त्यांत नुकतेच घरी परतलेले लोक होते.

साहित्याच्या बाजूने पाहता चिबोकवरील पुस्तकांचे लक्ष अपहरणाच्या क्षणावर आणि पळून येण्याच्या वाटेवर केंद्रित झाले आहे. कथेला तो आकार सोयीचा पडतो. शेताच्या बांधावर उभे राहून आज जावे की न जावे ह्याचा हिशेब करणाऱ्या माणसाला असा आकार नाही. त्याची गोष्ट रोज तीच असते. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या २०२१ च्या अहवालात ईशान्य नायजेरियातील संघर्षामुळे २०२० अखेरपर्यंत सुमारे ३,५०,००० मृत्यू झाल्याचा अंदाज दिला आहे. थेट हिंसेत मेलेले त्यांत सुमारे ३५,०००. उरलेली माणसे भूक, रोगराई आणि उपचारांचा अभाव यांनी गेली, आणि त्यांतील बहुतेक पाच वर्षांखालील मुले होती. 'झमन लाफिया'तील लाफिया म्हणजे आरोग्य हे येथे अक्षरशः घ्यावे लागते. ह्या मृत्यूंना ना तारीख आहे, ना घटनास्थळ. मराठीत त्यांच्यावर लिहिलेले काही आणावयाचे झाले तर 'हल्ला', 'अपहरण', 'सुटका' ह्या शब्दांचा काही उपयोग होणार नाही. 'ओल', 'रोप', 'वेस', 'परवाना' हे शब्द लागतील, आणि ते आपल्याकडे आहेत.

दिक्वा आणि न्गालाकडे मसाक्वाची लावणी पाऊस ओसरू लागला की सुरू होते. तिचे दिवस मोजके असतात; त्या दिवसांत खंदकापलीकडे जाण्याची मुभा मिळाली नाही, तर फिर्कीतील ओल निघून जाते आणि रोपे वाफ्यातच वाळतात.